रुमाल बांधून ऐकलेला अल्बम

नव्या अल्बमवर मी इतका चिडलो होतो की पहिले तीन दिवस मी त्याबद्दल कुणाशी बोललोच नाही. चौथ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीतले बरेचसे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात आणि आम्हा तिघांची भांडणं त्याच दिवशी व्हायची. एरवी आम्ही जमतो त्या गल्लीत लूमच्या खडखडाटात भांडायचं तर पाच मिनिटांत घसा बसतो.

तिघं म्हणजे मी, एक मित्र आणि एक मैत्रीण. मित्राचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत त्याने जुन्या बाजारातून आणलेले दोन मोठे स्पीकर बसवलेत. मैत्रीण पडघ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. मी काल्हेरला गोदामात डॉकवर असतो. ट्रक मागे घेताना त्याच्या मागे उभं राहून ड्रायव्हरला हाताने खुणा करायच्या आणि मग माल उतरवून घ्यायचा, हे माझं काम. नावं लिहीत नाही, दोघांनाही ते आवडणार नाही. आमच्या तिघांत समान गोष्ट एकच, परदेशातला एक प्रोग्रेसिव्ह मेटल बँड. आम्ही त्याचा विषय काढला की आमच्या घरची माणसं उठून आत जातात.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांना थोडं सांगतो. गिटारींचा गदारोळ असतो, पण आत गणित असतं. ठेका साधा चारचा नसतो. सात मात्रा, मग पाच, मग परत सात, आणि एकेक गाणं पंधरा-वीस मिनिटांचं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, फडताळातली भांडी कोसळली. दहाव्यांदा ऐकणाऱ्याला त्या कोसळण्यातला क्रम सापडतो आणि मग तो कामातून गेला. मी विसाव्या वर्षी कामातून गेलो.

त्या शुक्रवारी नमाज पढून आल्यावर मित्राने शटर अर्धं खाली ओढलं, पंखा लावला आणि म्हणाला, "बोल भाई. कैसा लगा?"

"अल्बम आहे का तो? अंगाई आहे," मी म्हणालो.

मैत्रीण हसली. तिला अल्बम आवडला होता, हे मला तिच्या मेसेजवरून कळलंच होतं आणि तेच जास्त झोंबलं होतं. मी एकेक मुद्दा काढायला लागलो. सगळ्यात लांब गाणं सहा मिनिटांचं. गायक पूर्वी एका ओळीत गुरगुरायचा आणि पुढच्या ओळीत असा गायचा की अंगावर काटा यावा. आता नुसता गातो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाईल असा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज. "ड्रमच्या झांजा कुठायत? ड्रमर बदलला म्हणून काय झांजा विकून टाकल्या? सगळ्या अल्बमवर कुणीतरी गोधडी टाकलीय."

"झांजा आहेत की," ती म्हणाली. "उलट या वेळी पहिल्यांदा नीट ऐकू येतायत. दुसऱ्या गाण्यात मध्येच सगळे थांबतात ना, तिथे फक्त एका झांजेची घंटी वाजत राहते. अगदी बारीक. मी तो भाग रोज ऐकते."

"दुसऱ्या गाण्यात मध्ये काही नाही. वीस सेकंद शांतता आहे. अख्ख्या अल्बममध्ये तेवढीच काय ती बरी."

तिने माझ्याकडे बघितलं, मग मित्राकडे. मला वाटलं, मुद्दा मी जिंकला.

पण ती हार मानणाऱ्यातली नाही. म्हणाली, जुने अल्बम म्हणजे परीक्षेत पुरवणीवर पुरवणी लावणारा मुलगा. येतं ते सगळं लिहायचं, विचारलेलं असो वा नसो. आता कुठे त्यांना कळलंय की काय लिहायचं नाही. मित्र नेहमीसारखा मध्ये. "पुराना वाला गाडी चलाते वक्त लगाओ तो पैर अपने आप दबता है," तो म्हणाला. "नया वाला मैं अम्मी के सामने भी लगा सकता हूँ."

"मग संपला बँड," मी म्हणालो. "अम्मीसमोर लावता येतो म्हणजे संपलाच."

आमच्यात एक रिवाज होता. कुणी फारच छातीठोकपणे बोलायला लागलं की त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, काहीतरी ऐकवायचं आणि विचारायचं. पडद्यावर गाण्याचं नाव दिसत नाही, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, तेव्हा माणसाला खरंच काय येतं ते कळतं. मैत्रिणीने एकदा फुशारकी मारली होती की नुसत्या बेस गिटारवरून ती कुठलाही अल्बम ओळखेल. रुमालाखाली तिने पाचातले चार चुकवले आणि महिनाभर त्या विषयावर मूग गिळून बसली.

त्या दिवशी मी म्हणालो, "तिसऱ्या अल्बममधलं मोठं गाणं. अकराव्या मिनिटाला जी घंटी लागते, ती मी झोपेतही ओळखेन. तशी एक तरी घंटी नव्या अल्बममध्ये दाखवा." मित्राने खिशातून रुमाल काढला.

"वही गाना," तो बांधता बांधता म्हणाला. "दो बार बजाऊँगा. एक बार पूरा. एक बार ऊपर का सब काट के, झांज-वांज कुछ नहीं. बता कौन सा पूरा है."

मला हसूच आलं. एवढं सोपं? पहिल्यांदा दहाव्या मिनिटापासून वाजवलं. अकरावं मिनिट आलं, घंटी लागली, स्वच्छ, एकेक ठोका वेगळा. दुसऱ्यांदा वाजवलं. घंटी लागली, तितकीच स्वच्छ. मी म्हणालो, परत लाव. त्याने दोन्ही परत लावले.

"तू कापायलाच विसरलास," मी म्हणालो. "दोन्ही सारखेच आहेत."

मी रुमाल खाली ओढला. मित्र मोबाईल हातात धरून माझ्याकडे बघत होता. मैत्रीण जमिनीकडे बघत होती.

"भाई," तो म्हणाला, "दूसरे में तो कुछ बचा ही नहीं था." थोडं थांबून त्याने विचारलं, "मजाक कर रहा है ना?"

"मग काय," मी म्हणालो. "तुम्हाला कळायला किती वेळ लागतो ते बघत होतो."

मित्र मोठ्याने हसला. मीही हसलो. मैत्रीण हसली, पण तिचं हसणं आमच्या आधी थांबलं.

मी घरी निघालो. काय झालं ते मला चौकापर्यंत पोहोचायच्या आत कळलं होतं. ती घंटी माझ्या कानांपर्यंत आलीच नव्हती, दोन्ही वेळा नाही. विसाव्या वर्षी ऐकलेलं गाणं मला इतकं पाठ होतं की बाकीचं वाजायला लागलं की घंटी माझी मीच वाजवत होतो, डोक्यात. नवा अल्बम पाठ नव्हता, म्हणून तिथे गोधडी होती. घरी दार लावून मी दुसरं गाणं लावलं आणि आवाज शेवटपर्यंत नेला. मधले वीस सेकंद आले आणि गेले. काही नव्हतं. बायको दार उघडून आली आणि कपाळाला आठ्या घालून तिने हातानेच खूण केली, कमी कर.

मला भीती वाटली. साधी, लहानपणी विहिरीत वाकून बघताना वाटायची तशी भीती. आणि ती तिथेच थांबली नाही, कारण दुसऱ्या दिवशी ड्युटी होती.

ट्रक मागे यायला लागला की त्याच्या मागच्या बाजूला टीं टीं असा बारीक हॉर्न वाजतो. गेल्या काही महिन्यांत मी तीन ड्रायव्हरना झापलं होतं की तुमचा हॉर्न बंद आहे, दुरुस्त केल्याशिवाय माझ्या डॉकवर यायचं नाही. त्यातला एक जण खाली उतरून म्हणाला होता, "साहब, बज तो रहा है." मला तो उद्धट वाटला होता. एका हमालाने एकदा माझी कॉलर धरून मला मागे खेचलं होतं आणि मी त्याच्यावरच डाफरलो होतो की हात कसा लावतोस. हे सगळं शनिवारी सकाळी डॉकवर उभा असताना एकामागून एक आठवत गेलं.

कुणाला सांगणार? सांगितलं तर डॉकवरून काढतील. काढलंच पाहिजे. माझ्या हाताकडे बघून दहा टायरचा ट्रक मागे येतो आणि मध्ये माणसं असतात. मी सांगितलं नाही. मी एक शक्कल काढली. हॉर्न वाजला की हमालांच्या माना वळतात, हे मी हेरून ठेवलं. पुढचे पंधरा दिवस मी ट्रककडे कमी आणि लोकांच्या मानांकडे जास्त बघत काम केलं. मान वळली की बाजूला व्हायचं. संध्याकाळी घरी आलो की जेवण जायचं नाही. दोन माणसं गप्पांच्या नादात असली आणि त्यांनी मान वळवलीच नाही तर, एवढाच विचार डोक्यात असायचा.

इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं कुणी विचारेल. आमच्याकडे ते लक्षात येत नाही. भिवंडीत सगळेच मोठ्याने बोलतात. लूमवर काम केलेली माणसं समोरच्याच्या ओठांकडे बघूनच ऐकतात. मीही शाळेनंतर सात वर्षं लूम चालवलेत, त्यामुळे कुणाच्या तोंडाकडे टक लावून बघितलं तरी इथे कुणाला वावगं वाटत नाही. त्या सात वर्षांत मी कानात हेडफोन घालून काम करायचो. लूमच्या वर गाणं ऐकू यायला हवं म्हणून आवाज पार शेवटाला असायचा. माझे कान लूमने खाल्ले की त्या बँडने, हे मी स्वतःशी खूप भांडून बघितलं. दोघांनी मिळून खाल्ले असणार. लूमचं मला काही वाटलं नाही, त्याच्याकडून मी कधी काही मागितलंच नव्हतं. बँडचं वाईट वाटलं.

आणि बाबा डोळ्यांसमोर होतेच. बाबा खारबावजवळ आमच्या गावी असतात. ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. तीस वर्षं त्या खडखडाटात उभे राहिले. आता त्यांना जवळजवळ काही ऐकू येत नाही. माणसं जमली की ते सगळ्यांबरोबर हसतात, फक्त थोडं उशिरा. पूर्वी आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलायचो. मग ओरडायचा कंटाळा यायला लागला. आता आम्ही त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

शेवटी एक दिवस रजा टाकून, कुणालाही न सांगता, मी ठाण्याला कान तपासायला गेलो. काचेची खिडकी असलेली छोटी खोली होती. तपासणाऱ्या मुलीने कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं आणि सांगितलं, "आवाज आला की दाबायचं सर. कितीही बारीक असू दे."

पहिले आवाज जाड होते, आरामात येत होते. मग बारीक होत गेले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तिची एक लय आहे. एक आवाज, मग तीन मोजेपर्यंत काही नाही. परत आवाज, मग पाच मोजेपर्यंत काही नाही. मग परत तीन. तिला ते माहीतही नसेल. पण आम्ही आयुष्यभर हेच मोजत आलोय. आवाज यायचे थांबले आणि माझा अंगठा थांबला नाही. तीन, दाब. पाच, दाब. मी तपासून घ्यायला गेलो होतो आणि पास व्हायला बसलो. घाबरलेला माणूस काय करेल याचा नेम नसतो.

"वयाच्या मानाने ठीक आहे सर," तिने कागद दिला. "थोडंसं कमी आहे. काळजीचं काही नाही."

परतताना कशेळीच्या पुलापर्यंत मी खुशीत होतो. पुलावर रिक्षा अडकली तेव्हा सहज हेडफोन लावले आणि दुसरं गाणं लावलं. वीस सेकंद काही नाही. आता भीती दुप्पट झाली, कारण आता माझ्या खिशात सगळं ठीक असल्याचा कागद होता आणि तो मीच लिहवून घेतला होता. तो कागद दाखवून मी म्हातारा होईपर्यंत डॉकवर उभा राहू शकलो असतो.

रविवारी गावी गेलो. बाबा पडवीत बसले होते. का कोण जाणे, मी तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून बघितला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कान तपासलंस?"

मी मान हलवली.

"काय बोल्ली ती?"

"ठीक आहे म्हणाली," मी ओठ मोठे करून सांगितलं.

बाबा हसले, आणि या वेळी बरोबर वेळेवर हसले. "मी बी पास झालो व्हतो," ते म्हणाले.

हे मला माहीत नव्हतं. एकदा शेठने सगळ्या जॉबर लोकांसाठी डॉक्टर बोलावला होता. डॉक्टर पाठीमागे उभा राहून हळू आवाजात एकेक शब्द बोलायचा आणि समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा. समोर शेठच्या केबिनची काच होती. बाबांनी काचेत डॉक्टरचे ओठ बघितले आणि एकही शब्द चुकवला नाही.

"शेठनी पाठ थोपटली," बाबा म्हणाले. "मंग आनखी बारा वर्सां लूमवर व्हतो. जो काय कान उरलेला व्हता, तो त्या बारा वर्सांत गेला." त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या शर्टाच्या खिशात खुपसली. "तू कसा काय पास झालास?"

मी सांगितलं. बोटं दाखवून सांगितलं, तीन, पाच, तीन. ते माझ्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फिरून जा तपासायला," आणि उठून आत गेले.

पुढच्या शुक्रवारी मी दुकानात गेलो आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं की त्या दिवशी मी गंमत करत नव्हतो, आणि ठाण्याला जाऊन कान परत तपासायचेत. मित्राने चालू गाणं बंद केलं. मैत्रीण म्हणाली, "मला कळलं होतं. दुसऱ्या गाण्यात शांतता आहे म्हणालास तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला चालणार होतं?"

नव्हतं चालणार. मी म्हणालो, "म्हणजे तो अल्बम चांगला की वाईट, ते मला कधी कळणारच नाही." बोलून झाल्यावर मला त्याचा अर्थ नीट समजला. जुने अल्बम मी पुऱ्या कानांनी ऐकले होते, ते माझ्याकडे होते. पण इथून पुढे जे काही नवं येईल, कुणाचंही, ते मी अर्धंच ऐकणार आणि त्यावर तावातावाने भांडणार. माझी मुलगी अजून लहान आहे, मोठेपणी तिचा आवाज कसा होईल, तेही अर्धंच.

मैत्रिणीने पेन घेतलं आणि टेबलावर तो भाग वाजवून दाखवायला लागली, असं आहे बघ, सात, मग पाच. मी तिचा हात धरून थांबवला. "मला टेबल ऐकायचं नाही," मी म्हणालो. खूप वाईट रीतीने म्हणालो. तिने पेन खाली ठेवलं. निघताना तिने मित्राला सांगितलं, तपासायला याला एकटं पाठवू नकोस.

म्हणून दुसऱ्या वेळी ठाण्याला गेलो तेव्हा मित्र दुकान बंद करून सोबत आला आणि बाहेर बाकावर बसला. मी त्या मुलीला सांगितलं, "मागच्या वेळी मी मोजत होतो. तुम्ही तीनवर देता, मग पाचवर, मग तीनवर. या वेळी तसं ठेवू नका." तिला आधी रागच आला. मग तिने माझा जुना कागद शोधून बघितला आणि माझी खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली.

जाड आवाज आले, मी दाबलं. त्याहून बारीक आले, दाबलं. मग थांबले. मी न मोजायचं ठरवलं होतं तरी मोजत होतो. तीन झाले. पाच झाले. सात झाले. अंगठा आपोआप खाली जायला लागला की मी तो परत वर उचलत होतो. भिंतीवर एक खिळा होता, त्याच्याकडे बघत होतो. माझ्या पाठीमागे ती मुलगी एकामागून एक आवाज पाठवत असणार, आणि माझ्या कानात माझ्याच श्वासाखेरीज काही नव्हतं. इतका वेळ काहीच न ऐकण्याची मला सवय नव्हती. घाम मानेवरून पाठीत उतरला. मी दाबलं नाही.

मग गार वारा लागला म्हणून वळून बघितलं, तर ती दार उघडून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती म्हणाली, "सोबत कुणी आलंय का?"

मी बाकाकडे बोट दाखवलं. तिने मित्राला आत बोलावलं, त्याला खुर्ची दिली आणि आलेख त्याच्यासमोर धरून बोलायला लागली. बाबांना दवाखान्यात आणलं की डॉक्टर असेच माझ्याशी बोलतात. बाबा मध्ये स्टुलावर बसून कधी डॉक्टरच्या, कधी माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग मित्राच्या, मग परत तिच्या.